पाळणाघर आणि अकरा कप कॉफी

माणसाला तीन दिवस मृत समुद्राच्या काठच्या हॉटेलात ठेवून फुकट जेवू घातलं, की त्याच्या डोक्यात लोककल्याणाचं वारं शिरतं. हे मी अनुभवाने सांगतो. खरं तर तिथल्या वर्कशॉपला जायचा होता आमच्या ऑफिसातला हाझिम, पण ऐन वेळी त्याची दाढ सुजली आणि त्याच्या जागी मला बसमध्ये चढवण्यात आलं. मी रस्त्यांच्या पाट्यांच्या खात्यात आहे. रस्त्याला कुणाचं नाव द्यायचं ते मोठे लोक ठरवतात. ते नाव निळ्या पाटीवर मावतं का, अक्षरं एकमेकांच्या पायावर पाय देत नाहीत ना, एवढं मी बघतो. वर्कशॉपचा विषय होता 'सर्वांनी मिळून आखणी'. अशा माणसाने तो शिकून काय दिवे लावायचे, असं साहेबांना वाटलं असणार. मी लावले. विझवायला मात्र अख्खी गल्ली लागली.

शिकवायला बैरूतहून एक बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ज्याचा प्रश्न, त्याच्याचकडे उत्तर. तुम्ही त्याच्या दारात जायचं, विचारायचं, ऐकायचं आणि लिहायचं. मध्ये तोंड घालायचं नाही." मग रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवायच्या, सगळ्यांनी मिळून मार्ग शोधायचा, छोटा नमुना करून बघायचा, आणि तो फसला तर आनंद मानायचा. हे शेवटचं मला फारच भावलं. आमच्या खात्यात काही फसलं तर मेमो मिळतो.

चार रंगांच्या चिठ्ठ्यांची पुडकी घेऊन मी तबरबूरला घरी आलो, तर प्रश्न दारातच उभा होता. माझी बायको मैसून औषधशास्त्रात शिकलेली. नऊ वर्षं इस्पितळाच्या औषध विभागात राबल्यावर तिला तिथली मुख्य नेमलं होतं. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी हजर व्हायचं होतं; आमच्याकडे आठवडा रविवारीच सुरू होतो. आणि आमच्या गल्लीतलं एकुलतं एक पाळणाघर, सित्त हायफाचं, म्हणजे हायफाबाईंचं, जूनमध्येच बंद झालं होतं. हायफा मुलाकडे दुबईला निघून गेली. आमचा वाएल शाळेत जातो, पण जुमाना दीड वर्षाची. दुसरी पाळणाघरं एक तर भरलेली, नाहीतर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. कराकला असलेल्या माझ्या आईला विचारलं, तर ती फोनवर म्हणाली, "औषधं काय, दुकानातसुद्धा मिळतात. पोरीला आई एकच असते." आणि गुडघे दुखतात म्हणून फोन ठेवला.

मैसूनने पांढरा कोट इस्त्री करून दारामागच्या खुंटीला लावला होता. त्याच्याकडे बघतच ती म्हणाली, "घस्सान, ऑगस्टअखेरपर्यंत पोरीची सोय झाली तर ठीक. नाही झाली तर मी नाही म्हणून कळवते. पुन्हा विचारणार नाहीत ते."

ती मला घस्सान म्हणते. 'अबू वाएल', म्हणजे वाएलचा बाप, म्हणाली की समजायचं, काहीतरी चुकलंय.

"सोय?" मी पुडकी टेबलावर आपटली. "फक्त आपल्या पोरीची कशाला? सगळ्या गल्लीची सोय करतो! शास्त्रशुद्ध!"

"मला फक्त एक बाई हवी आहे," मैसून म्हणाली.

पण माझ्या अंगात संचार झाला होता.

आमच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर अबू कुतैबा राहतात, निवृत्त कर्नल. गल्लीत कुणी खिडकीला नवी जाळी लावली तरी ती कशी लावायला हवी होती हे सांगायला ते खाली येतात. जिन्यात मला गाठून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खांद्यावर हात ठेवला. "अबू वाएल, मोहीम आधी नकाशावर जिंकायची. किती घरं?"

"लहान मुलं असलेली अकरा."

"प्रत्येक घरात तू स्वतः जा. चहापाणी होऊ दे, मग मुद्द्यावर ये. आणि बूट पॉलिश करून जा. माणसं बूट बघून उत्तर देतात."

मी बूट पॉलिश केले आणि गेलो. एका शनिवारी अकरा घरं! आता एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. छातीत धडधडतं म्हणून डॉक्टरांनी मला कॉफी बंद केली होती, सकाळचा एक कप सोडून. शिवाय माझ्या एका हातात वही, दुसऱ्यात पेन, मांडीवर चिठ्ठ्या. त्यामुळे कॉफी आली की मी कप घ्यायचो, तसाच समोरच्या टेबलावर ठेवायचो, घसा साफ करायचो आणि म्हणायचो, "आज मी एका महत्त्वाच्या कामासाठी तुमच्या दारात आलोय. गल्लीतल्या मुलांना सांभाळायला माणूस नाही. तुमच्याकडून काय होऊ शकेल?"

आणि काय सांगू! यजमानाचा चेहरा आधी गंभीर व्हायचा. तो बायकोकडे बघायचा, बायको कपाकडे बघायची. मग यजमान म्हणायचा, "तुमचं मागणं डोक्यावर, अबू वाएल! माझी बायको सांभाळेल. कॉफी घ्या." मी हिरव्या चिठ्ठीवर 'होकार' लिहायचो. एवढ्या प्रेमाने म्हणतात म्हटल्यावर शिष्टाचार म्हणून कपही रिकामा करायचो. अकराच्या अकरा घरांतून होकार आला! अकराव्या घरातून उतरताना माझं काळीज ढोल वाजल्यासारखं वाजत होतं. मला वाटलं, हीच ती समाजसेवेची धुंदी.

मैसूनने हिरव्या चिठ्ठ्यांची रांग बघितली. "कर्नलसाहेबांची उम्म कुतैबासुद्धा? तिला स्वतःची नातवंडं दहा मिनिटं सोसत नाहीत."

"माणूस बदलतो," मी म्हणालो. "विचारणारा हवा."

आता राहिली जागा. पाळणाघरांच्या परवान्याच्या कार्यालयात खिडकी क्रमांक चारवर एक तरुण बाई होती. डोळ्यांवर चष्मा, समोर सूर्यफुलाच्या बिया.

"अर्ज कुणाचा?"

"गल्लीचा."

"गल्लीला ओळखपत्र असतं का? सांभाळणारी कोण?"

"अकरा जणी. नेमकी कोण, ते सगळ्यांनी मिळून ठरणार आहे."

"जागा कुठे?"

"तीही शोधतोय."

तिने बी फोडली. "म्हणजे सांभाळणारी नाही, जागा नाही. मग तुम्ही अर्ज कशाचा करताय?"

"पद्धतीचा," मी म्हणालो. बैरूतच्या बाई असत्या तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. हिने मला खिडकी सातवर पाठवलं. सातने दोनवर, दोनने जेवणाच्या सुट्टीवर. परत चारवर आलो तेव्हा तिला बहुधा माझी दया आली. तिने एका कागदावर लिहून दिलं: तळमजला, एक मोठी खोली, रस्त्याशी संबंध नसलेलं स्वतंत्र दार, दारापुढे मोकळं अंगण. "असं काही सापडलं तर या," ती म्हणाली. "तुम्ही स्वतः कुठे राहता?"

"तळमजल्यावर," मी म्हणालो, "पण आमच्याकडे दिवाणखाना आहे."

ती चष्म्यावरून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पुढचे या."

तिच्या बघण्याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही. कारण दिवाणखाना म्हणजे दिवाणखाना! सोनेरी नक्षीचे पाय असलेले सात सोफे, माझ्या आईने लग्नात दिलेले, वर प्लास्टिक. झुंबर. बागेत उघडणारं काचेचं दार, कायम कुलूपबंद. नऊ वर्षांत तो तीनदा उघडला असेल: धाकट्या भावाच्या साखरपुड्याला, जुमानाच्या बारशाला आणि एकदा साहेब चुकून आले होते तेव्हा. आम्ही चौघं आतल्या खोलीत एकमेकांच्या कोपरांशी कोपरं घासत राहतो. त्याला काही इलाज नाही, पाहुणा कधी येईल सांगता येतं का? पुढचे दहा दिवस मी ऑफिस सुटल्यावर तबरबूरमधली तळघरं, गॅरेजं आणि टायरचं एक बंद पडलेलं दुकान बघत हिंडलो. जागांसाठी राखलेल्या गुलाबी चिठ्ठ्या संपल्या. अबू कुतैबा प्रत्येक जागेची भिंत ठोकून "शत्रूच्या माऱ्यात टिकणार नाही" असा शेरा द्यायचे.

शेवटी मी ठरवलं, जागा नसली तर नसो, नमुना करून बघायचा. गुरुवारी सकाळी आठ वाजता, आमच्याच बागेत. मी रजा टाकली. अकरा घरांत निरोप धाडला: जिला जमेल तिने मुलं सांभाळायला या, बाकीच्यांनी नुसती मुलं पाठवा.

आठ वाजता दार वाजलं. बाहेर एक मूल आणि एक चिठ्ठी. 'आज जरा काम निघालं. बाकीच्या दहा जणी आहेतच.' आठ पाचला जुळी मुलं आली, तसाच निरोप घेऊन. साडेआठपर्यंत अकराही घरांतून तोच निरोप आला होता. बागेत जुमाना धरून पंधरा मुलं, आणि सांभाळायला मी. मैसून त्या सकाळी इस्पितळात कागदांवर सह्या करायला गेली होती, आणि मीच तिला ऐटीत म्हणालो होतो, "तू निर्धास्त जा."

पहिली पाच मिनिटं मी निरीक्षणं लिहिली. सहाव्या मिनिटाला वही कारंज्यात पडली. कारंजं आमच्याकडे नाही. जुळ्यांनी बागेचा नळ उपटून ते तयार केलं होतं. एक मुलगी पिवळ्या चिठ्ठ्या खात होती. म्हणजे 'अडचणी' खात होती, पण कमी होत नव्हत्या. जुमाना पुदिन्याच्या वाफ्यात बसून चिखल डोक्याला लावत होती. दोघं लोकाटच्या झाडावर चढली आणि तिथून उतरायला तयार होईनात. रडणाऱ्यांत आठ जण निष्णात होते, बाकीचे त्यांच्याकडून शिकत होते. मी अबू कुतैबांना हाक मारली. ते शिट्टी घेऊन खाली आले आणि त्यांनी मुलांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करायला घेतलं. तिसऱ्या शिट्टीला एका तीन वर्षांच्या सैनिकाने त्यांच्या करंगळीचा चावा घेतला. कर्नलसाहेब 'कुमक आणतो' म्हणून वर गेले ते परत आले नाहीत.

एवढ्यात फाटकातून उम्म फवाझ आत आली. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत राहणारी, पन्नाशी उलटलेली विधवा. घरोघरी द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या, लोणची, निवडलेल्या भाज्या करून देते. उम्म कुतैबाकडे द्यायची मुलुखियाच्या पालेभाजीची भलीमोठी मोळी तिच्या डोक्यावर होती. तिने बागेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मोळी खाली ठेवली.

"पाणी प्यायलीत का पोरं?"

"तो प्रश्न मी यादीत घेतला नव्हता," मी म्हणालो.

तिने नळ बंद केला. सगळ्यांना पाणी पाजलं. झाडाखाली फतकल मारून बसली आणि मोळी सोडली. "ज्याला पानं खुडता येतात त्यानेच इथे बसायचं. लहान बाळांनी बसू नये." झालं! झाडावरची दोघं खाली. पंधराही जण काडी धरून पानं खुडायला लागले. ज्यांना खुडता येईना त्यांच्याकडे देठ मोजायचं खातं दिलं. तासाभरात भाजी निवडून झाली, चार पोरं तिच्या मांडीला टेकून झोपली होती, आणि जुमाना तिच्या ओढणीचं टोक तोंडात धरून मला अजिबात ओळख दाखवत नव्हती. दुपारी मुलं घरी गेली, उम्म फवाझ भाजी घेऊन वर गेली, आणि मी ओल्या वहीत लिहिलं: 'निष्कर्ष: मुलांना पालेभाजी आवडते.'

मैसून आली. तिने वही वाचली. "अबू वाएल," ती म्हणाली.

मी सावरून बसलो.

"त्या अकरा घरांत कॉफी दिली होती?"

"दिली ना."

"लगेच प्यायलास?"

"छे! आधी खाली ठेवली, विषय मांडला, त्यांनी हो म्हटल्यावर..."

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे मुलीचा हात मागायचा असो, की रक्तपाताची माफी, मोठी माणसं मिळून जातात. त्याला जाहा म्हणतात. समोर कडू कॉफी येते, म्होरक्या कप न पिता खाली ठेवतो आणि मागणं सांगतो. यजमान म्हणतो, "कॉफी प्या, मागणं मान्य." नाही म्हटलं तर कॉफी थंड होते आणि भांडण पिढ्यान्‌पिढ्या गरम राहतं. जन्मभर शेकडो जाहा पाहिल्या मी! आणि पॉलिश केलेले बूट घालून अकरा घरांत एकट्याची जाहा घेऊन गेलो होतो. बिचारे नाही कसे म्हणणार?

"म्हणजे ते होकार..."

"कॉफीचे होते," मैसून म्हणाली. मग ती शेजारी बसली, आणि हसायच्या ऐवजी तिचे डोळे भरले. "घस्सान, सोळा वर्षं हायफाच्या पाळणाघरात पोरं कोण सांभाळत होतं?"

"हायफा."

"हायफा दारात उभी राहून आयांशी गप्पा मारायची. आत उम्म फवाझ असायची. तिला तू विचारलंस?"

"तिला लहान मूल नाही. ती मुलाखतींच्या यादीत नव्हती."

माझं वाक्य मलाच ऐकवेना. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आमच्या मुलखात उंटही आहेत आणि शेळ्याही, तरी मी ते पाट्यांच्या खात्यात राहून करून दाखवलं.

शुक्रवारी नमाजनंतर खरीखुरी जाहा निघाली. अबू कुतैबा पुढे, खांद्यावर सोनेरी काठाचा झगा, करंगळीला पट्टी. मागे गल्लीतले आम्ही दहा पुरुष. बायका अशा कामाला येत नाहीत, पण मैसून आली. "नोकरी माझी आहे," ती म्हणाली, आणि कर्नलसाहेबांचीही पुढे बोलायची छाती झाली नाही.

उम्म फवाझने दार उघडलं. एवढे पुरुष बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. "फवाझला काय झालं?" तिचा मुलगा अकाबाच्या रस्त्यावर ट्रक चालवतो.

"काही नाही, काही नाही!" आम्ही सगळे एकदम ओरडलो. तिला बसायला स्टूल दिलं. मग तिने ओढणीने तोंड पुसलं आणि कॉफी केली. कप फिरले. अबू कुतैबांनी कप खाली ठेवला, आम्हीही ठेवले. त्यांनी आदमपासून सुरुवात केली, दोन युद्धांवरून वळसा घेतला आणि मागणं मांडलं: गल्लीच्या मुलांचा सांभाळ तिने करावा.

उम्म फवाझ उठली, स्वतःसाठी एक कप ओतला, आमच्या कपांसमोर आणला आणि न पिता खाली ठेवला.

यजमानाने कप ठेवल्याचं कुणीच कधी पाहिलं नव्हतं. कर्नलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, जणू हे पाट्यांच्या खात्यात येतं.

"माझीही मागणी आहे," ती म्हणाली. "सोळा वर्षं तुमची पोरं मी धुतली-पुसली. हायफा गेली तेव्हा सगळे तिला निरोप द्यायला आलात, केक कापलात. बशा मी धुतल्या. दोन महिने झाले, पाळणाघर नाही म्हणून गल्ली रडतेय. अबू वाएल अकरा घरं फिरले. माझं दार बारावं होतं."

मी पॉलिश केलेल्या बुटांकडे बघत राहिलो. मला मनापासून लाज वाटली.

"पहिलं, जागा," ती म्हणाली. "अबू वाएल, तुमचा दिवाणखाना."

माझ्या डोळ्यांसमोर सात सोफे उभे राहिले. खिडकी चारची बाई, तिचा चष्मा, तिची ती नजर. काखेत कळसा घेऊन मी टायरच्या दुकानापर्यंत वळसा घातला होता. आईला काय सांगू? साहेब पुन्हा चुकून आले तर? मी मैसूनकडे बघितलं. ती दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून उभी होती.

"दिला," मी म्हणालो. आवाज जरा चिरका निघाला, पण निघाला.

"दुसरं, दारावर पाटी. पाटीवर माझं नाव. फवाझची आई नव्हे. माझं."

"अर्थातच!" अबू कुतैबा म्हणाले. "पाटी लागलीच समजा!"

"मग सांगा, माझं नाव काय?"

अकरा पुरुष, त्यातल्या सातांची पोरं तिच्या मांडीवर मोठी झालेली. कुणी छताकडे बघत होतं, कुणी दाढी खाजवत होतं. मी तर नावांचाच माणूस! कधी काळी मेलेल्या सरदारांची नावं मला पाठ आहेत, त्यांचे रस्ते मी झोपेत सांगेन. मलाही येईना.

"विदाद," मागून मैसून म्हणाली. "विदाद खाला. जुमानाला ताप होता तेव्हा मी विचारलं होतं."

बाईने मान वर केली. मैसूनकडे बघितलं. मग स्वतःचा कप उचलला. "प्या आता," ती आम्हाला म्हणाली. "पार थंड झाली."

थंड कडू कॉफी इतकी गोड लागते हे मला ठाऊक नव्हतं!

पुढचं सगळं पळापळीचं. खिडकी चारच्या बाईने पत्ता वाचला आणि बिया बाजूला ठेवून पहिल्यांदा हसली. "सापडली का जागा?" म्हणाली. तरी अंगणाच्या नकाशासाठी तीन खेपा घालायला लावल्याच. चार सोफे गच्चीवर ताडपत्रीखाली गेले, तीन अबू कुतैबांनी 'तात्पुरते' ठेवून घेतले आणि त्यांवर ते रोज तात्पुरते झोपतात. आई दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही; मग म्हणाली, पोरीचा फोटो पाठव. पाटी मात्र मी स्वतः काढली, घरी, निळ्या जमिनीवर पांढऱ्या रंगाने. वीस वर्षांत एका पाटीला मी इतका वेळ कधी लावला नव्हता. विदाद या नावाला आमच्या अरबी लिपीत चार अक्षरं लागतात; चारही सुटी राहतात, एकही पुढच्याला चिकटत नाही. प्रत्येकाला त्याची त्याची जागा द्यावी लागते. मी दिली, सढळ हाताने.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी मैसूनने खुंटीवरचा कोट काढला आणि फाटकापाशी चार वेळा मागे वळून बघितलं. जुमानाने एकदाही बघितलं नाही; ती झुंबराखाली बसून पानं खुडत होती. मी बागेत उभा राहून रडलो. कुणी विचारलं तर रंगाचा वास म्हणून सांगायचं ठरवलं होतं, पण कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात विदाद खाला काचेच्या दारातून बाहेर आली, हातात वाफाळता कप. तिने पाटीकडे एकदा बघून घेतलं आणि कप माझ्यापुढे धरला. डॉक्टरांची आठवण झाली. पण उभ्याउभ्या, जीभ पोळली तरी, मी तो एका दमात रिकामा केला. तिच्यासमोर भरलेला कप खाली ठेवायची माझी आता छाती नाही.